कोणतं रान, कोणती आग

वनखात्यात प्रत्येक जंगलाला एक सांकेतिक नंबर असतो. माझी बरीचशी नोकरी ‘५अ/सी१ब’मध्ये गेली. म्हणजे दक्षिणेकडचं शुष्क पानझडी सागवानी रान. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ साली देशभरातल्या जंगलांची ही वर्गवारी केली, १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ या जोडीने ती सुधारली, आणि तेव्हापासून कुठलीही कार्य आयोजना उघडा, सुरुवातीच्या पानांत हे नंबर हजर. त्याच कार्य आयोजनेत पुढे आगीचं प्रकरण यायचं, आणि तिथे मात्र सगळ्या नंबरांना एकच औषध. १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा कापून जाळून घ्या, फायर वॉचर नेमा, १५ जूनपर्यंत डोळ्यांत तेल घालून पहारा द्या. साग असो, सालई असो की बांबू, फरक नाही. रानाची जात ओळखायची ती लाकडासाठी. आगीचा विचार करताना ती कुणी विचारात घ्यायचं नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे पर्थला जाणं-येणं सुरू झालं आणि ज्या झाडाला आपण सरसकट ‘नीलगिरी’ म्हणून मोकळे होतो, त्याचं माहेर पाहायला मिळालं. आपल्याकडची नीलगिरी म्हणजे सामाजिक वनीकरणाच्या काळातल्या सरळसोट रांगा, नाहीतर सर्दीच्या दिवसांत रुमालावर टाकायचं तेल. ऑस्ट्रेलियात युकॅलिप्टसच्या गोतावळ्यात आठशेहून जास्त जाती आहेत. काही नव्वद मीटरच्या वर जातात, काही वाळवंटाच्या कडेला डोक्याएवढ्या झुडपांतच संपतात. या रानांची नावं कशी पडली, वर्ग कसे पाडले आणि त्यात आग कधी रोखली, कधी लावली, हा इतिहास मी तिथे जमेल तसा वाचत गेलो. त्यातला मोठा भाग आमच्याच खात्यातून तिकडे गेला होता, ही त्यातली गंमत.

शास्त्रीय बारसं तसं उशिराचं. कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाजवळच्या ब्रुनी बेटावर डेव्हिड नेल्सनने एका झाडाची फांदी गोळा केली. तिच्यावरून फ्रान्सच्या लेरितिए यांनी १७८८ मध्ये ‘युकॅलिप्टस’ हे नाव छापलं. पण लंडन-पॅरिसच्या कपाटांतल्या वाळक्या फांद्यांवरून जंगल कळत नव्हतं. फुलं नि बोंडं शंभर फुटांवर, पानं सगळ्यांची थोडीफार सारखीच. मग वसाहतीतल्या लाकूडतोड्यांनी हाताशी होती ती खूण धरली, साल. जिची साल दोरखंडासारखी सुटते ती स्ट्रिंगीबार्क, लोखंडासारखी खडबडीत ती आयर्नबार्क, साल टाकून गुळगुळीत होते ती गम. मेलबर्नचे फर्डिनांड फॉन म्यूलर मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. पण जातींची मांडणी करताना त्यांनीही सालीचाच आधार घेऊन पाहिला. जंगलात हिंडणाऱ्या माणसाची दृष्टी पंडिताच्या कामी आली, असं क्वचित घडतं.

नैऋत्य कोपऱ्यातल्या, म्हणजे पर्थच्या दक्षिणेकडच्या रानांना सालीवरून नावं देण्याची गरजच पडली नाही. जॅरा, कॅरी, मॅरी, वांडू, टुआर्ट ही नावं नूंगार लोकांची, आणि ती तशीच राहिली. यातला जॅरा हा डोंगरपठाराचा राजा. खाली जांभा दगड, कोकणात दिसतो तसाच लालभडक, आणि वर तंतुमय करड्या सालीचं, आत गर्द तांबड्या लाकडाचं झाड. लंडनच्या रस्त्यांत ठोकळे म्हणून आणि भारतातल्या रेल्वेखाली स्लीपर म्हणून जॅरा गेला. कॅरी त्याहून दक्षिणेला, जास्त पावसाच्या आणि खोल मातीच्या भागात, मांजिमप-पेम्बर्टनकडे. खोड पांढुरकं, गुळगुळीत, ऐंशी मीटरपर्यंत सरळ वर गेलेलं. त्याच्याही पुढे वॉलपोलच्या आसपास, अगदी लहानशा टापूत, लाल टिंगल. बुंध्याचा घेर इतका की पोकळ झाडाच्या आत माणसं उभी राहतात.

जॅराचं एक रोप मला तिथल्या शेजाऱ्यांनी दाखवलं. हे गृहस्थ पूर्वी तिथल्या वनखात्यात होते. रोप गुडघ्याएवढं, चार-पाच काटक्या आणि थोडी जाड पानं. मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यातलं असेल. ते हसले, आणि काडीने मुळाभोवतीची माती बाजूला केली. खाली नारळाएवढी लाकडी गाठ होती. जॅराचं रोप वरती मोठ्या झाडांची सावली असेपर्यंत असंच बसून राहतं. दहा-दहा, वीस-वीस वर्षं. सगळी कमाई त्या जमिनीखालच्या गाठीत साठवतं. आग आली की वरच्या काटक्या जातात, गाठीतून नवे फुटवे येतात. मोठ्या झाडाचंही तसंच. साल करपते, पण सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात, आणि काही महिन्यांत काळ्या खोडावर तळापासून शेंड्यापर्यंत कोवळी पालवी. अशा झाडाला आग म्हणजे फार तर आजारपण.

नूंगार लोकांना हे ठाऊक होतं असं म्हणणंही कमीच. त्यांचं सगळं राहणीमान त्यावर बेतलेलं होतं. त्यांच्या वर्षात सहा ऋतू. त्यातला बिराक, डिसेंबर-जानेवारीचा, हा जाळण्याचा ऋतू. १७९१ मध्ये व्हँकुव्हर हा दर्यावर्दी आजच्या ऑल्बनीजवळच्या किंग जॉर्ज साउंडमध्ये उतरला, तेव्हा जिकडेतिकडे जळाल्याच्या खुणा पाहून चकित झाला. पुढे तिथल्या लष्करी ठाण्यावरचा डॉक्टर स्कॉट निंड याने १८३१ मध्ये जे लिहिलं, त्यातून रीत स्पष्ट होते. रान एकदम पेटवून द्यायचं नाही. तुकड्या तुकड्यांनी, एकामागून एक, शिकारीच्या आणि कंदमुळांच्या हिशोबाने जाळायचं. सिल्व्हिया हॅलम यांनी १९७५ च्या ‘फायर अँड हार्थ’ या पुस्तकात नैऋत्य भागातले असे दाखले एकत्र केले, आणि मग ही भटक्या माणसांची उनाडकी नसून जमिनीची व्यवस्था होती, हे मान्य करणं भाग पडलं.

याचा एक साक्षीदार झाडांत उभा आहे. बाल्गा नावाचं, गवताचा मोठा झुबका डोक्यावर घेतलेलं काळं ठेंगणं खोड. त्याची जुनी पानं गळतात तेव्हा देठाचे बुडखे खोडाला चिकटून राहतात आणि आग येऊन गेली की त्या थरावर काळा डाग उरतो. डेव्हिड वॉर्ड यांनी असे बुडखे घासून डाग मोजले आणि वसाहतीपूर्वीच्या काळात तीन-चार वर्षांआड आग फिरत असावी, असा निष्कर्ष काढला. तो सगळ्यांना पटलेला नाही. डागांचा अर्थ लावण्यावरून बरीच जुंपली आहे. मला स्वतःला एवढ्या नेमक्या आकड्यावर विश्वास ठेवायला जड जातं. पण आग वारंवार आणि हलकी होती, एवढं तरी त्या खोडांवरून दिसतं. वसाहतीला मात्र गवताच्या गंजी आणि गव्हाची शेतं वाचवायची होती. १८४७ साली तिने आगींविरुद्ध वटहुकूम काढला. बिराकमधली आग गुन्हा ठरली.

नंतरची साठ-सत्तर वर्षं लाकूड कंपन्यांची. झाड पाडायचं, सोटा न्यायचा, शेंडे-फांद्या तिथेच टाकायच्या. ते वाळले की ठिणगी कुठूनही यायची, बहुधा कंपनीच्याच वाफेच्या इंजिनातून. याला आळा कसा घालायचा, हे सांगायला जी मंडळी आली, ती हिंदुस्थानच्या वनखात्यातली. बर्थोल्ड रिबेनट्रॉप हे आपल्याकडचे इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स. १८९५ मध्ये व्हिक्टोरियाची जंगलं पाहून त्यांनी अहवाल दिला. म्हैसूरच्या जंगलांत नोकरी करून पुढे दक्षिण आफ्रिकेत गेलेले डेव्हिड हचिन्स १९१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात आले आणि दोन वर्षांनी त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. या सगळ्यांच्या मनात आगीचं चित्र ठरलेलं होतं, आणि ते घडलं होतं आमच्या मध्य प्रांतात. १८६०च्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलातून वणवा हद्दपार करून दाखवला. तोवर हिंदुस्थानातलं जंगल आगीपासून वाचवणं अशक्य आहे, असंच साहेब लोक म्हणत. बोरीनंतर ते धोरण झालं, धोरणाचा नियम झाला, आणि मी नोकरीला लागलो तेव्हा त्या नियमाला शंभर वर्षं होऊन गेली होती.

त्या नियमावर शंकाही आमच्याच खात्यात निघाली होती, हे सहसा सांगितलं जात नाही. १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलं की ब्रह्मदेशात आगीपासूनचं रक्षण जरा अतीच होत आहे. आग बंद केल्यावर ओलसर जंगलात सागाची नवी रोपं येईनाशी झाली. वाद झडला, काही ठिकाणी हिवाळ्यातच हलकं जाळून घेण्याची मुभा मिळाली. जहाजातून ऑस्ट्रेलियाला मात्र नियम गेला. शंका मागे राहिली.

चार्ल्स लेन पूल १९१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाचे वनसंरक्षक झाले. फ्रान्सच्या नान्सीत शिकलेले, आफ्रिकेत काम केलेले, तरुणपणीच्या बंदुकीच्या अपघातात एक हात गमावलेले, आणि स्वभावाने अजिबात न वाकणारे. १९१८ चा वन कायदा त्यांनी घडवून आणला. मिलर्स या बलाढ्य लाकूड कंपनीच्या सवलती सरकारने वाढवायच्या ठरवल्या, तेव्हा १९२१ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. असा वरिष्ठ मला लाभला असता तर, असं वाटतं. आगीच्या बाबतीत मात्र ते शाळेतलंच पक्कं धरून होते: जंगलात आग नको. त्यांच्यामागून आलेल्या स्टीफन केसेल यांनी ते अमलात आणलं. तोडलेल्या कक्षातला काडीकचरा एकदा जाळून टाकायचा, मग कक्षाभोवती पट्टे जाळून आतलं रान बंद करून ठेवायचं. टेहळणी बुरूज उभारले. कॅरीच्या मुलखात बुरूज बांधायला टेकड्या नव्हत्या, म्हणून उंचात उंच झाडाच्या खोडात खुंट्या ठोकून शेंड्यावर मचाण बांधलं. पेम्बर्टनचं १९४७ मधलं ग्लॉस्टर झाड त्यातलंच. मचाण पन्नास मीटरहून वर. पहारेकरी रोज खुंट्यांवरून चढत असे. आमच्या फायर वॉचरला ही हकिगत सांगितली असती तर त्याने तिथल्या तिथे बदली मागितली असती.

बंद ठेवलेल्या कक्षात काय होत होतं, हे समजायला वेळ लागला. आपल्या सागवानी रानात पाचोळ्याचा हिशोब वर्षाचा असतो. उन्हाळ्यात पडला, जळला तर जळला, नाहीतर पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी त्याचा फडशा पाडतात. जॅराच्या रानात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळे कोरडे, पानं चिवट. पाचोळा कुजण्यापेक्षा पडतो जास्त. सुरुवातीला हेक्टरी वर्षाला टनभर भर पडते असं ढोबळ गणित आहे. वीस-पंचवीस वर्षं जपलेल्या कक्षात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. बोरीचा नियम ज्या हवामानात जन्मला त्यात पाचोळ्याला वय नसतं. इथे होतं, आणि ते कुणी मोजत नव्हतं.

पूर्वेला, व्हिक्टोरियात, १३ जानेवारी १९३९ च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला ७१ माणसं मेली. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने ठरवून जाळण्याचा मुद्दा पुढे आणला. पश्चिमेत १९५३ मध्ये हॅरिस वनसंरक्षक झाले आणि पुढच्याच वर्षापासून मोठ्या क्षेत्रावर हलकी आग लावायला सुरुवात झाली. पण साठलेलं ओझं फार होतं आणि माणसं थोडी.

मग आलं १९६१. जानेवारीच्या १९ तारखेच्या सुमारास कोरड्या विजा पडल्या आणि ड्वेलिंगअपच्या आसपासच्या रानात जागोजाग आगी लागल्या. एक विझवेपर्यंत दुसरी उठायची. २४ तारखेच्या संध्याकाळी वाऱ्यासकट आग गावात शिरली. ड्वेलिंगअप हे गिरणीचं, वनखात्याच्या लोकांचं गाव. त्याची राख झाली. सुमारे दीड लाख हेक्टर रान जळालं. होलिओक आणि नँगा ब्रूक या वस्त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. आश्चर्य असं की एकही माणूस गेला नाही. आजच्या ड्वेलिंगअपमध्ये लाकडी घरं आहेत, हॉटेल आहे, शनिवार-रविवारी सायकलवाले येतात. गावातला बहुतेक माणूस मात्र अजूनही आधी आकाशाकडे बघून मग बोलायला लागतो.

या आगींची चौकशी करणाऱ्या रॉजर यांच्या आयोगाने वनखात्याला सांगितलं, जाळणं थांबवू नका. वाढवा आणि सुधारा. त्याच सुमारास कॅनबेराचे ॲलन मॅकआर्थर शेकडो छोट्या आगी मुद्दाम लावून त्यांचा वेग मोजत होते. १९६२ मध्ये त्यांची युकॅलिप्टसच्या रानात आटोक्यात जाळण्याची पुस्तिका निघाली. आगीच्या धोक्याचा त्यांचा मापक शून्य ते शंभर असा होता, आणि शंभर म्हणजे १९३९ चा तो शुक्रवार. पश्चिमेत जॉर्ज पीट यांनी जॅराच्या रानासाठी स्वतःची कोष्टकं बांधली. तीच पुढे सुधारून ‘रेड बुक’ नावाने प्रत्येक वनाधिकाऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. १९६५ मध्ये विमानातून जाळण्याचे प्रयोग झाले. पोटॅशियम परमँगनेटच्या छोट्या कुपीत ग्लायकॉल सोडायचं आणि ती खाली टाकायची. जमिनीवर पडल्यावर ती आपोआप पेटते. ठराविक अंतरांवर ठिपके पडत जातात, हलक्या आगी संथपणे एकमेकींना मिळतात. जे काम पायी फिरणाऱ्या टोळीला आठवडे लागायचं ते एका दुपारी होऊ लागलं.

यातलं तंत्र सोपं वाटतं, पण सगळी मदार रानाची जात ओळखण्यावर आहे. हे मला त्या शेजाऱ्यांबरोबर वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, हिंडताना नीट कळलं. दक्षिणेकडे पठारावर जॅरा-मॅरी असतात आणि ओहोळाकाठच्या दरडींत कॅरी. हिवाळा सरला की पठार आधी वाळतं. दरड आणखी कित्येक आठवडे ओलीच असते. मधल्या काळात पठारावर आग सोडली तर ती उतारावरून खाली येते, कॅरीच्या ओल्या पाचोळ्याला लागते आणि आपली आपण विझते. जाळरेषा कापायची गरज नाही. रानच रेषा आखतं. पण नकाशावर ‘युकॅलिप्टस’ असा एकच हिरवा रंग असेल तर हे जमणार नाही. आणि महिना चुकला, दरडही वाळली, तर तीच आग पंधरा वर्षांच्या कॅरीच्या कोवळ्या पिढीला खाऊन टाकेल.

त्या दिवशी त्यांनी खिशातून काडीपेटी काढली आणि जॅराचं एक वाळकं पान देठाला धरून त्याचं टोक पेटवलं. टोक जमिनीकडे केलं तर ज्योत वर देठाकडे चढते. तेवढंच जळलं आणि आडवं धरताच विझलं तर पाचोळा अजून ओला. आडवं धरूनही जळत राहिलं तर जाळण्याजोगा. टोक आभाळाकडे करूनही ज्योत देठाकडे उतरत आली तर काडीपेटी खिशात ठेवून घरी जायचं. आमचं पान आडवं धरल्यावर अर्धं जळून विझलं. “परवा,” ते म्हणाले. आता आर्द्रता मोजायची यंत्रं आहेत, उपग्रह आहेत, मातीच्या कोरडेपणाचा रोजचा आकडा येतो. तरी पान पेटवून पाहणारे अजून आहेत. आमच्याकडे टेंभा घेऊन जाळरेषा जाळणारे जुने मजूर मूठभर गवत चुरगाळून हेच ठरवायचे. त्यांचं म्हणणं मात्र कुठल्या कार्य आयोजनेत उतरलं नाही.

रानांची वर्गवारी याच काळात बारीक होत गेली. लुडविग डील्स या जर्मन अभ्यासकाने १९०६ मध्येच या भागाच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला होता. १९७० मध्ये स्पेक्ट यांनी देशभरासाठी एक सुटसुटीत चौकट दिली: झाडाची उंची किती आणि पानांची सावली जमिनीचा किती भाग झाकते. तीस मीटरच्या वरचं ते उंच रान, दहा ते तीस मीटरचं ते मधलं, सावली तीस टक्क्यांच्या खाली गेली की विरळ. पण जॅराच्या रानाला ही चाळणी मोठ्या भोकांची होती. जो हॅवेल यांनी १९७५ मध्ये उत्तरेकडच्या जॅरा रानाची वर्गवारी केली ती वरच्या झाडावरून नव्हे, खालच्या झुडपांवरून. वर सगळीकडे जॅराच. पण खाली कोणतं झुडूप, कोणता नेचा, कोणती बँक्सिया आहे त्यावरून माती, ओल आणि निचरा कळतो. त्यांनी या प्रकारांना इंग्रजी मुळाक्षरं दिली. साल बघणाऱ्या लाकूडतोड्यापासून इथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

खालचं झुडूप का महत्त्वाचं, याचं उत्तर एका छोट्या कांगारूने दिलं. मांजिमपच्या पूर्वेला पेरप इथे तामार वॉलबी काट्याकुट्यांच्या दाट जाळीत राहतो. ती जाळी गॅस्ट्रोलोबियम या विषारी झुडपाची. पेर ख्रिस्टेनसेन यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की त्या झुडपाचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि चांगल्या कडक आगीनेच उठतं. हलकी, सभ्य, गुडघ्याएवढी आग तिथे फिरत राहिली तर जाळी म्हातारी होऊन मोडते आणि तामारला लपायला जागा उरत नाही. इतर सगळीकडे जी आग खात्याची शान, ती इथे कुचकामी. म्हणून पेरपच्या त्या ठरावीक जागांसाठी वेगळी, जाणूनबुजून तापट आग ठरवावी लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत हुशार निर्णय आहे. त्यात एकही मोठा आकडा नाही.

मोठ्या आकड्यांचं काय होतं, ते व्हिक्टोरियाने दाखवलं. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’त १७३ माणसं गेली, मॅकआर्थरच्या मापकाचा शंभरचा कळस मागे पडला. आयोगाने शिफारस केली की दरवर्षी सरकारी जमिनीपैकी किमान पाच टक्के ठरवून जाळावी. सरकारने मान्य केलं. आता पाच टक्के भरायचे कसे? मेलबर्नभोवतीच्या डोंगरांत घरं आहेत, दरडी आहेत, आग सुटण्याची भीती आहे. वायव्येच्या मॅली मुलखात मात्र सपाट, निर्जन, बहुखोडी ठेंगण्या युकॅलिप्टसची झुडपं आहेत. तिथे एका फेरीत हजारो हेक्टर जळतात. टीकाकारांनी बोट ठेवलं ते यावरच: उद्दिष्ट भरतंय, पण माणसं राहतात तिथला धोका आहे तसाच. उद्दिष्टाचे हेक्टर कुठे आणि कसे भरतात, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०१५ मध्ये व्हिक्टोरियाने पाच टक्के सोडले आणि धोका किती कमी झाला त्यावर हिशोब ठेवायचं ठरवलं.

डोंगरांतल्या माउंटन ॲश या रानाला तर ठरवून लावलेली आग चालतच नाही. युकॅलिप्टस रेग्नान्स, जगातल्या सर्वांत उंच फुलझाडांपैकी एक. त्याला जॅरासारखी जमिनीखालची गाठ नाही, सालीखालच्या डोळ्यांचा भरवसा नाही. शेंडा करपला की झाड मेलं. मरताना बोंडांतलं बी राखेवर सांडतं आणि हेक्टरी लाखोंनी रोपं उगवतात. पण त्या रोपांना बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली की ते रान बाभळीच्या नात्यातल्या वॅटलला मिळतं. त्याच्या भाऊबंदावर, थंड उंचीवरच्या अल्पाइन ॲशवर, हे घडलंही: या शतकात तिथे आगी इतक्या लागोपाठ आल्या की आकाशातून बी पेरावं लागलं. पश्चिमेत विमान आग टाकतं, पूर्वेत बी. दोन्हीकडे युकॅलिप्टस.

पश्चिमेचंही सगळं आलबेल नाही. नैऋत्य भागात वर्षाला दोन लाख हेक्टर जाळायचं उद्दिष्ट तिथेही आहेच. नोव्हेंबर २०११ मध्ये मार्गारेट नदीजवळ ठरवून लावलेली एक आग वाऱ्याने सुटली आणि चाळीसच्या आसपास घरं गेली. त्यानंतर प्रत्येक आगीमागे कागदपत्रांचा ढीग वाढला. जानेवारी २०१६ मध्ये यार्लूप गाव जळालं, दोन माणसं गेली. ज्या मिलर्स कंपनीपायी लेन पूल यांनी राजीनामा दिला होता, तिचंच ते गाव. तिचे जुने, जतन केलेले कारखानेही त्यात राख झाले. आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यात नैसर्गिक रानांतली लाकूडतोड बंद झाली. म्हणजे ज्या लाकडासाठी आधी आग रोखली आणि मग लावली, ते लाकूडच हिशोबातून गेलं. आता जाळायचं ते गावांसाठी.

अभ्यासकही एकमताचे नाहीत. मथायस बूर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दक्षिणेकडच्या वॉरन भागाची पन्नासहून अधिक वर्षांची नोंद तपासली आणि जाळल्यानंतर सुमारे सहा वर्षं वणव्याला लगाम बसतो, असं दाखवलं. २०२२ मध्ये फिल झिल्स्ट्रा यांच्या गटाने उलट म्हटलं: जाळल्यावर झुडपं दाट उगवतात आणि काही दशकं रान उलट जास्त पेटतं, हात लावला नाही तर झुडपं आपोआप विरळ होतात. या गटाने वॉलपोलच्या लाल टिंगलचाही दाखला दिला आहे. दोन्ही गटांना एकाच आकड्यात उत्तर हवं आहे असं मला वाटतं, आणि घोटाळा तिथेच आहे. बूर यांचा हिशोब सगळ्या मुलखाचा आहे, त्यात पठारावरचा जॅरा मोठा. टिंगलचं रान वेगळं, ओलं, बुंधे पोकळ. पोकळ बुंध्यात निखारा शिरला की तो दिवसेंदिवस आतून धुमसत राहतो आणि शतकांचं झाड कोसळतं.

हे मी शेजाऱ्यांना म्हणालो. त्यांना पटलं नाही. ते म्हणाले, टिंगल जाळायचंच. फक्त आधी प्रत्येक मोठ्या बुंध्याभोवतीचा पाचोळा दाताळ्याने ओढून मोकळी जागा करायची आणि पहिल्या पावसानंतर जाळायचं. मी विचारलं, एवढी झाडं, एवढी माणसं कुठून आणणार? “तुमच्याकडे फायर वॉचर असतात ना,” ते म्हणाले, “आमच्याकडे एका अख्ख्या ब्लॉकला सहा जण येतात आणि त्यातला एक गाडीत बसून रेडिओ सांभाळतो.” मग आम्ही दोघं पुढचा अर्धा तास मनुष्यबळावर बोललो, आणि त्यात मात्र आमचं पूर्ण एकमत झालं.